डोंगर मोकळा करण्याआधी

ताथवडे,
वैशाख पौर्णिमा

चि. मनू,

तुझा निरोप पोचला. मामाने फोन माझ्या कानाशी धरला आणि तुझा तो भरभर बोलणारा आवाज ऐकून आधी मला हसूच आलं, कारण लहानपणी शाळेतून आलीस की दप्तर खाली ठेवायच्या आत तू सगळा दिवस सांगून मोकळी व्हायचीस, अगदी तसंच. माझ्या माहेरचा कोळवण खोऱ्यातला तो दहा एकरांचा डोंगर, ज्याच्याकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, तो तू राखणार, तिथे गाई पाळणार, शेतकी कॉलेजात शिकलेलं कामाला लावणार, हे ऐकून माझा जीव सुपाएवढा झाला. कष्टाला तू कमी पडशील अशी शंका माझ्या मनात येत नाही. मुक्या जनावराला उपाशी ठेवून स्वतः जेवणारी तू नव्हेसच. पण शेवटी म्हणालीस, "मृगाचा पाऊस पडला, डोंगर हिरवा झाला, की लगेच दहाच्या दहा गाई सोडते," तेव्हा मात्र मी मामाला म्हटलं, दे बाबा मला वही आणि पेन. फोनवर सांगितलं असतं तर "हो आजी, हो आजी" करत तू पुढच्या कामाला लागली असतीस. कागद निदान गोठ्यातल्या खिळ्याला अडकवता येतो.

आता नीट बस आणि वाच. मृगाच्या पहिल्या दोन-चार सरींनंतर डोंगरावर जी हिरवी लव दिसते ना, ती गवताच्या नव्या कमाईतली नसते. मागच्या पावसाळ्यात पानांनी उन्हात जे अन्न तयार केलं, ते बुडख्यात आणि मुळांत साठलेलं असतं. ती त्या गवताची कणगी. उन्हाळाभर गवत त्या कणगीवर तग धरतं आणि पाऊस पडला की त्यातलंच उरलंसुरलं काढून पहिली पानं बाहेर टाकतं. पानं मोठी झाली, पुरेशी पसरली, की मग कुठे कणगी पुन्हा भरायला लागते. त्याआधीच गाईने ती पानं ओरबाडली तर गवत पुन्हा कणगीत हात घालतं, पुन्हा पानं काढतं, गाय पुन्हा खाते, आणि असं होता होता एक दिवस तळ लागतो. वरून काही कळत नाही, बरं का. पहिल्या वर्षी डोंगर हिरवाच दिसतो, दुसऱ्या वर्षीही दिसतो. पण गाय शहाणी असते, ती आधी चांगलंचुंगलं निवडून खाते, म्हणजे मारवेल, पवना, शेडा ही गवतं सगळ्यांत आधी विरळ होतात. मग कुसळी माजते, मग तरवड आणि घाणेरी शिरते, आणि शेवटी उरतो तो उघडा मुरूम, ज्याच्यावरून पावसाचं पाणी थांबायचं नावच घेत नाही.

आणि गाईला तरी त्या कोवळ्या लवेतून काय मिळतं? नुसतं पाणी. ती दिवसभर उतारावर हिंडते, चार बोटं उंचीचं गवत खुरडत बसते, संध्याकाळी पोट खपाटीला लागलेलं तसंच घेऊन परत येते आणि पातळ शेण टाकते. तिच्या खुरांनी ओली माती निसटते ती वेगळीच. ताम्हिणीच्या बाजूला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात त्याचा सातवा हिस्सा. तुझं खोरं या दोहोंच्या मधलं, तेव्हा तिथल्या उतारावर आषाढात पाणी कसं धावतं ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. म्हणून नागपंचमीपर्यंत डोंगर बंद ठेव. गवत गुडघ्याला लागू दे. नागपंचमीच्या दिवशी आपण विळा चालवत नाही, माती उकरत नाही, तेव्हा त्या दिवशी नुसता डोंगराला नमस्कार करून ये, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघड.

"मग तोवर गाई काय खातील, आजी?" असं तू म्हणणार, मला माहीत आहे. त्याची तजवीज आत्ता, वैशाखात करायची असते, पाऊस डोक्यावर आल्यावर नव्हे. डोंगरी अंगाची, तीन-साडेतीनशे किलोची गाय रोज साधारण आठ किलो कोरडा चारा खाते. पन्नास दिवसांचे झाले चारशे किलो, एका गाईचे. त्या भागात भाताचा पेंढा मिळेल. तो पोट भरतो पण अंगी लागत नाही, म्हणून त्याच्या जोडीला बांधावरचं गवत विळ्याने कापून आणायचं, मूठभर पेंड आणि क्षारमिश्रण घालून आंबोण द्यायचं. पेंढा जमिनीवर टाकू नकोस, खाली दगड आणि लाकडाचा माच करून त्यावर गंजी रच, नाहीतर खालचा थर बुरशीने जातो आणि तो काळा पेंढा गाय तोंडात घेत नाही. शक्य असेल तर कुट्टी करूनच घाल. गव्हाणीतून ओढून पायाखाली तुडवलेला चारा पाहिला की माझा जीव अजूनही खालीवर होतो. तुझी पणजी गोठा झाडताना खाली पडलेल्या काड्या वेचून, झटकून पुन्हा गव्हाणीत टाकायची, आणि आम्ही हसलो की म्हणायची, हसा, हसा, फाल्गुनात कळेल.

आता गाई किती, त्याविषयी. दहा हा आकडा तू कुठून काढलास ते मी विचारत नाही, गोल आकडा सगळ्यांनाच आवडतो. पण डोंगरालाही विचारून घेऊ या. श्रावणाच्या शेवटी, गवत निसवायला लागलं की, चार काठ्या घेऊन एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन आखायचा, त्यातलं सगळं गवत कापायचं, वाळवायचं आणि तोलायचं. एका जागी करून भागत नाही. माथ्यावर, मधल्या उतारावर, खालच्या घळीजवळ असं ठिकठिकाणी कर. समज, सरासरी दोनशे ग्रॅम भरलं. एकरात चार हजार चौरस मीटरच्या थोडं वरच जागा असते, म्हणजे एकरी आठशे किलो झालं. त्यातलं अर्धं डोंगराचं, अर्धं गाईचं. ही वाटणी मी मनाची सांगत नाही हो. पानांचा निम्म्याहून जास्त भाग गेला की गवताच्या मुळांची वाढ खुंटते, म्हणून निम्मं राखायचं. उरले चारशे किलो, म्हणजे एका गाईचे पन्नास दिवस. दहा एकरांत गाईचे पाचशे दिवस. पाच गाई असतील तर शंभर दिवस निघतील, दहा असतील तर पन्नासच, आणि त्यातून कातळ, झुडपं, गाय चढणारच नाही असे कडे वजा कर. म्हणून म्हणते, यंदा चार गाई आण. पुढच्या वर्षी पुन्हा तोलून पाहू. तू हिशेबात पक्की आहेस, हे सगळं माझ्याहून नीट मांडशील, फक्त मांडायच्या आधी बाजाराला जाऊ नकोस.

आणि बाजाराचंही सांगते. सध्या जो उठतो तो गीर गाय म्हणतो. गीर गुणी आहे, वादच नाही, पण ती सौराष्ट्रातली. तिला आपल्या घाटमाथ्याच्या पावसात चिखलात उभी करून तिच्याकडून दुधाची अपेक्षा धरायची, हा तिच्यावरच अन्याय. मोठ्या कासेची संकरित गाय तर गोठ्यात सांभाळायची, तिला रोज डोंगर चढायला लावून चालत नाही. तुझ्या डोंगराला मला डांगी शोभते असं वाटतं. अकोले, इगतपुरीच्या डोंगरांतली ही जात. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कातडीतून तेलकट स्राव येतो म्हणून धो धो पावसातही ती कुडकुडत नाही, आणि खूर काळे, कठीण, दगडावर न झिजणारे. दूध कमी देते, हे खरं. पण जे देते ते डोंगरावरच्या गवतावर देते, पेंडीच्या पोत्यांवर नाही, आणि काटकसरीचा हिशेब तिथूनच सुरू होतो. अकोल्याजवळ राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे आधी नुसती पाहायला जा. शनिवारी चाकणच्या बाजारात जा, पण पैसे घरी ठेवून. चार बाजार पाहा, दात बघायला शीक, चालताना मागून पाहायला शीक, मालकाशी गाईच्या आईबद्दल बोल. चांगली गाय ज्याच्याकडे असते त्याला विकायची घाई नसते, तेव्हा तुलाही घ्यायची असू नये.

पहाटे उठायची सवय तुला आहेच, ती माझ्याकडूनच आलेली आहे असं मी सगळ्यांना सांगत असते. इथे ताथवड्यात आता पहाट ही हायवेच्या आवाजाने होते; मी चारला उठते तेव्हा बंगळूर रस्त्यावर ट्रक सुरूच असतात आणि समोरच्या चौदा मजल्यांच्या इमारतीत हिंजवडीच्या रात्रपाळीहून आलेल्या कुणाचा तरी दिवा लागलेला असतो. पण पहाटेचा एक खरा उपयोग आहे आणि तो गाईंना बाहेर काढायचा नाही, हे ऐकून तुला नवल वाटेल. पावसाळ्यात पहाटे गवत दवाने ओलं असतं आणि शेणातून बाहेर पडलेल्या जंतांची पिल्लं त्या ओलाव्यातून पात्यांवर चढून बसतात. ऊन आलं, पातं सुकलं, की ती खाली उतरतात. म्हणून तू लवकर ऊठ, गाईंना मात्र ऊन पडल्यावर सोड. शिवाय ही पिल्लं बहुतेक बुंध्याकडच्या दोन-तीन इंचांत असतात, तेव्हा गवत उंच असताना गाय निघून गेली तर तिच्या पोटात जंतही कमी जातात. बघ, गवताचं आणि गाईचं हित कसं एकाच उंचीवर येऊन थांबतं.

तर मग पहाटे करायचं काय? गोठ्यात जाऊन गुपचूप उभं राहायचं. बसलेल्या गाईंतल्या निम्म्याहून जास्त रवंथ करताहेत का, ते बघायचं. गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते आणि जिने रवंथ थांबवला तिचं काहीतरी दुखत असतं. कालचं शेण बघायचं, फार पातळ नाही, फार कडक गोळेही नाहीत. डाव्या कुशीतला खळगा बघायचा, तो भरलेला असेल तर कालचा चारा पुरला. नाकाचा शेंडा ओलसर आहे ना, कानामागे गोचीड नाही ना. मग एकटीने डोंगरावर एक फेरी, आज कुठल्या भागात जायचं ते ठरवायला. हे सगळं शांतपणे व्हायला लागतं म्हणून पहाट. सातनंतर तुझा फोन वाजायला लागतो आणि मग गाय दिसते, पण तिच्याकडे बघणं होत नाही.

उताराचं एक मर्म सांगते. गाय ही मुळात आळशी, म्हणजे शहाणी. तिला खाली पाण्याजवळ, सावलीत, सपाटीवर चरायला आवडतं. मोकळी सोडलीस तर ओढ्याकाठचं गवत ती मुळापर्यंत खाईल आणि माथ्यावरचं गवत उभंच्या उभं वाळेल. तुला वाटेल डोंगर अर्धा शिल्लक आहे, आणि खालचा अर्धा मरत असेल. तिला वर न्यायचं तर काठीने हाकत बसू नकोस; मीठ वर ठेव. चाटण वीट किंवा खडेमीठ पाण्यापासून जितकं दूर ठेवता येईल तितकं, माथ्याजवळच्या एखाद्या सपाट दगडावर ठेव, आणि दर थोड्या दिवसांनी जागा बदल. मिठासाठी ती आपणहून चढते आणि चढता-उतरता वाटेतलं खात जाते. जमलं तर वरच्या अंगाला प्लॅस्टिकची टाकी ठेवून पाण्याची सोय कर. तीव्र चढावर ती जाणार नाहीच, तिथलं गवत विळ्याने कापायचं, नाहीतर बियाण्याला राहू द्यायचं.

आणि डोंगराचे भाग पाड. चार पाड, पाच पाड, घळी आणि बांध बघून. पूर्वी दगडी गडगे आणि निवडुंग असायचे, आता झटका मशीनच्या एका तारेने काम भागतं आणि ती तार उचलून हलवताही येते. एका भागात थोडे दिवस, मग पुढचा भाग, आणि पहिल्या भागात परत येताना गवत पुन्हा गुडघ्याशी आलेलं असलं पाहिजे. भर पावसाळ्यात त्याला महिनाभर लागतो, भाद्रपदाच्या उन्हात दीड महिनाही. फ्रान्समध्ये आंद्रे व्होआझँ नावाचा एक गृहस्थ होता, शास्त्र शिकलेला आणि स्वतःच्या गाई स्वतः चारणारा. नॉर्मंडीतल्या आपल्या कुरणात त्याने गाईंमागे फिरून फिरून पाहिलं आणि १९५७ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की कुरण जास्त गाईंनी मरत नाही, गाय जास्त वेळ थांबल्याने किंवा लवकर परत आल्याने मरतं. एकदा खाल्लेलं पातं सावरायच्या आत पुन्हा तोंडात जाता कामा नये. तुझ्या पणजीला फ्रान्स कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण "उष्टं गवत दुसऱ्यांदा चारू नये" असं तीही म्हणायची. दर वर्षी एक भाग मात्र पावसाळाभर पूर्ण बंद ठेव, बी पडेपर्यंत. पुढच्या वर्षी दुसरा. पाच भाग असले तर पाच वर्षांत सगळ्या डोंगराला एकेक विसावा मिळतो. पाच वर्षं तुला आज लांब वाटतील. मला विचार, ती कशी जातात.

शाळेत शिकवत होते तेव्हाही मी मुलांना हिवरे बाजाराची गोष्ट सांगायची आणि तुलाही सांगितली असेन, पण तू तेव्हा चिंचा खाण्यात दंग असायचीस. नगर जिल्ह्यातलं गाव, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, डोंगर उघडेबोडके, माणसं पोटासाठी बाहेर गेलेली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने जे नियम स्वतःवर घालून घेतले त्यात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत. गवत वाढू द्यायचं आणि विळ्याने कापून घरी न्यायचं. विचार कर, ज्याच्या दारात चार शेळ्या आणि एक भाकड गाय तेवढीच इस्टेट, त्याने हे कबूल करायचं म्हणजे केवढी गोष्ट! पण केलं. डोंगरउतारावर सलग चर खणले, पाणी मुरलं, गवत आलं. २००० साली तिथे शंभर टन गवत निघालं होतं, २००४ साली सहा हजार टन. दूध १९९० च्या दशकाच्या मध्यात रोज दीडशे लिटर होतं, ते पुढे चार हजार लिटरवर गेलं. मला त्या आकड्यांहून जास्त नवल मधल्या वर्षांचं वाटतं, जेव्हा डोंगर बंद होता आणि गवत अजून आलं नव्हतं. त्या वर्षांत त्या घरांनी कसं निभावलं असेल, त्या बायांनी कुठून कुठून वैरण आणली असेल, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

पण म्हणून तू कायमची चराईबंदी करावीस, असंही माझं म्हणणं नाही. साताऱ्याजवळचं कास पठार तू पाहिलंयस ना, सहलीला? २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव गेलं, गर्दी वाढली, म्हणून तिथे कुंपण घातलं आणि गुरांची चराई थांबली. पुढे काही वर्षांनी स्थानिक लोकांनी आणि जाणकारांनी सांगायला सुरुवात केली की फुलं कमी होताहेत. गवत उंच माजतं आणि इवल्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. शेवटी ते कुंपण काढलं. त्या पठारावर शेकडो वर्षं गुरं चरत होती, त्यांच्या तोंडाची आणि खुरांची त्या फुलांना सवय झालेली. हिवऱ्याच्या डोंगराला विसावा हवा होता आणि कासला गाय हवी होती. तुझ्या डोंगराला काय हवं ते तुला त्याच्यावर फिरूनच कळेल, आणि त्याला एक अख्खा पावसाळा लागेल, बाळा.

आपल्या त्या खोऱ्यांच्या वर, माथ्यावर, गवळी धनगरांची घरं असायची. खाली नदीकाठी कुणबी भात पिकवायचे, वर धनगर म्हशी आणि गाई राखायचे. ते लोणी-तूप घेऊन खाली यायचे आणि धान्य घेऊन वर जायचे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या लोकांचा अभ्यास करून १९८२ साली लिहिलं आहे, ते तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळव आणि मला वाचून दाखव. आमच्या घरी ताक कमी पडलं की आई म्हणायची, वरच्या वाडीवरून आण. आणि मी धापा टाकत वर पोचले की तिथली म्हातारी आधी बसवायची, पाणी द्यायची, माझा श्वास खाली बसला की मगच ताकाचं मडकं हातात ठेवायची. माहेरचा डोंगर म्हटलं की मला आधी ती आठवते. त्या वाड्यांवर अजून कुणी राहत असेल तर तुझ्या पहिल्या गाईआधी त्यांच्याकडे जाऊन ये. कुठल्या घळीत विषारी झाड आहे, कुठला झरा माघापर्यंत टिकतो, बिबट्या कुठून उतरतो, हे तुला कुठल्याच नकाशात सापडणार नाही. आणि मेंढ्यांचे कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर तुझ्या डोंगराखालून जातील तेव्हा फाटक लावून घेऊ नकोस; पडीक तुकड्यात एक रात्र मेंढ्या बसव, लेंडीखत मिळेल, आणि रीतीप्रमाणे धान्य दे.

वणव्याचं सांगायला हवं. तिकडे अजूनही माघ-फाल्गुनात डोंगर पेटवतात, जळल्यावर गवत चांगलं येतं म्हणतात. जळलेल्या जागी हिरवं लवकर दिसतं हे खोटं नाही, पण पाचोळा आणि वाळलं गवत गेल्यावर माती उघडी पडते, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस त्या उघड्या मातीवरच कोसळतो. दिवाळीनंतर कडेकडेने पट्टा साफ करून घे म्हणजे शेजारची आग आत येणार नाही. कुसळीचं गवत मात्र त्याला कुसळं धरायच्या आधी, फुलोऱ्यात असतानाच काप; नंतर ते जनावराच्या तोंडात टोचतं आणि कसही जातो. गाजरगवत दिसलं की फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून. ते १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं म्हणतात, आणि आता कुठे नाही ते सांग. पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घे, हे तुला सांगायला नको.

इथलं काय लिहू? ताथवडे २००९ साली महापालिकेत गेलं तेव्हापासून गावात गाय शोधावी लागते. सरकारी वळूमाता प्रक्षेत्र आहे, तेवढ्याच आवारात अजून हंबरणं ऐकू येतं, आणि सकाळी त्या बाजूने फिरायला गेले की मी जरा रेंगाळते. जमीन महसुलाच्या १९६६ च्या कायद्यात गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. इथे आता राखायला गुरं कुठली? कालच नृसिंह जयंती झाली, देवळात गर्दी होती, नैवेद्याचं दूध सगळ्यांनी पिशवीतून आणलेलं. मी कुरकुर करत नाही हो. याच इमारतींच्या भाड्यावर तुझ्या मामाच्या पोरांची शिक्षणं झाली. पण तुझ्या गाईचं दूध पुढच्या जयंतीला देवापुढे ठेवायचं मी मनाशी धरलंय, आणि ते पुढच्याच्या पुढच्या जयंतीला आलं तरी मला चालेल, मी कुठे जात नाही.

पैसे लागतील तेव्हा माझ्याकडे माग, बँकेकडे नंतर जा. पेटीत थोडे आहेत, त्यातून पहिल्यांदा पेंढा घे, मग तार, मग झटका मशीन, आणि गाय सगळ्यात शेवटी. एक वही कर. कुठल्या भागात कधी सोडलं, कधी काढलं, पाऊस किती झाला, कुठल्या गाईने किती दूध दिलं, रोज दोन ओळी. मी शाळेची हजेरी लिहायचे तशी तारीख डावीकडे घाल. महिन्याअखेर ती वही मला आणून दाखव, मामाच्या फोनवर फोटो पाठवू नकोस, माझ्या डोळ्यांना ते दिसत नाही.

येताना माहेरच्या घरी फळीवर माझा जुना विळा असेल तो घेऊन ये, मूठ सैल झाली असेल. इथे अजून एक जण धार लावून देतो, मूठही बसवून देईल.

तुझी,
आजी

ता. क. खडेमीठ घेताना जाड घे, बारीक पावसात वाहून जातं. आणि ते दगडावर ठेवशील तर वर पत्र्याचा एक तुकडा आडवा बांध.